वितोमिरच्या वाटची सिगारेट

आमच्या ग्राबोवित्साच्या बसस्थानकावर पेर्सिदाचा आवाज ज्याने ऐकला नाही, तो एक तर बहिरा असणार, नाहीतर जन्मभर पायी फिरलेला असणार. तिकीटखिडकीमागे बसून ती गाड्या पुकारायची. आवाज जाड, खरखरीत, एखाद्या हवालदाराला शोभेल असा. नवखा माणूस कोण बोलतंय म्हणून खिडकीत वाकायचा आणि आत लालभडक लिपस्टिक लावलेली किडकिडीत बाई बघून दचकायचा. "माझ्याकडे काय बघतोस? गाडी बाहेर उभी आहे," ती म्हणायची, तेही माइक चालू ठेवून. सगळं स्थानक हसायचं.

तिच्या लग्नात साक्षीला मी उभी राहिले होते, म्हणून मी तिची कुमा आणि ती माझी. आमच्याकडे हे नातं बहिणीच्याही वरचं. बहिणीशी भांडून अबोला धरता येतो, कुमाशी अबोला धरला तर देव रागावतो. म्हणून आम्ही दोघी आयुष्यभर बोलत बोलत भांडत आलो. माझं नाव मिलुंका. मी शेजारच्याच घरात राहते, आणि पेर्साबद्दल जे सांगणार आहे ते तिला विचारून सांगते आहे. "सांग," ती म्हणाली, "पण मला फार चांगली करू नकोस, लोक विश्वास ठेवणार नाहीत."

तिचा तो आवाज सिगारेटनेच घडवलेला. तिचा नवरा वितोमिर शहराच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्यांचं जमलं तेही सिगारेटवरच. गाडी सुटायच्या आधी तो खिडकीपाशी येऊन एक ओढायचा, आणि ती संपेपर्यंत पेर्सा ती गाडी पुकारायचीच नाही. प्रवासी आत बसून शिव्या द्यायचे. पुढे लग्न झालं. वितोमिरची एक सवय होती. सकाळी कॉफी उकळून पेल्यात पडली की तो दोन सिगारेटी एकदम ओठांत धरायचा, दोन्ही पेटवायचा आणि एक काढून बायकोच्या हातात द्यायचा. "माझ्या बायकोने लग्न झाल्यापासून एक काडी ओढलेली नाही," असं तो मोठ्या रुबाबात सांगायचा. ते खरंही होतं. घरात पेटवायचं काम त्याचं.

मी स्वतः कधी ओढली नाही, पण त्या दोघांच्या स्वयंपाकघरात बसून बसून मी मांसासारखी धुरावर सुकले. घरी गेले की माझी सून खिडकी उघडायची आणि मी ओरडायचे, "बंद कर, झोत येईल!" कारण आमच्या गावात सिगारेटने कोणी मरत नाही. मरतो तो समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहून मधून जो वारा वाहतो त्याने. मान धरली, झोत. दात दुखला, झोत. सासू वारली, दार उघडं राहिलं होतं. पेर्साला खोकला लागला तेव्हा तिनेही तिकीटखिडकीच्या भोकाला आणि पाठीमागच्या दाराला दोष दिला, अर्ज करून ते दार खिळे ठोकून बंद करून घेतलं आणि आत बसून निवांत धूर सोडत राहिली. खोकला काही कमी झाला नाही. मग तिने भोकाला रुमाल लावला.

वितोमिर गेला तो हृदयाने. रविवारी दुपारी फुटबॉल बघत होता. पंचाला एक सणसणीत शिवी दिली आणि मान टाकली. रक्षापात्रात त्याची सिगारेट जळत राहिली होती, अर्धी. पेर्साने ती विझवू दिली नाही. लोक आले, डॉक्टर आला, धर्मगुरू आला, आणि ती त्या सिगारेटच्या राखेकडे बघत बसली होती. मला म्हणाली, "अर्धीच झाली गं त्याची." त्या वेळी मला वाटलं, दुःखाने बोलते आहे. ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलंय हे मला फार उशिरा कळलं.

मुलगा एकच, रादोश. आमच्या या डोंगरातल्या गावात समुद्र कोणी पाहिलेला नाही आणि हा पोरगा गेला मालवाहू जहाजावर, इंजिनखोलीत. महिनोन्‌महिने पाण्यावर. फोन लागला तर लागला.

नवऱ्यामागे पेर्सा दोघांच्या वाटच्या ओढायला लागली. मग एका जानेवारीत, बर्फ दाराच्या कडीपर्यंत आलेलं असताना, तिला श्वास मिळेना. मी गेले तेव्हा ती टेबलाच्या कडा धरून उभी होती, ओठ निळे, आणि बोलता येत नव्हतं. पेर्साला बोलता येत नाही हे बघूनच मी मुलाला हाक मारली. माझ्या मुलाने तिला गाडीत घातलं आणि शहराच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणजे ओल्गित्सा, तरुण, बुटकी, बोलायला धारदार. पेर्सा जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, हे कशाने झालं?"

"झोताने," पेर्सा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पेर्सिदाबाई, माझी आईपण हेच म्हणते. ऐका. तुमच्या फुप्फुसांचा आजार जुनाट आहे. जे गेलं ते परत येणार नाही, पण जे उरलंय ते सांभाळता येईल. हा पंप सकाळ-संध्याकाळ ओढायचा, रोज चालायचं, आणि सिगारेट बंद. कमी नाही, बंद. पुढच्या हिवाळ्यात असंच पुन्हा झालं तर तुम्ही घरात ऑक्सिजनच्या यंत्राला बांधल्या जाल. दारापर्यंत जाल आणि परत याल."

"आणि टेकडी?" पेर्साने विचारलं.

"कसली टेकडी?"

"स्मशान टेकडीवर आहे आमचं. नवरा आहे तिथे."

"मग टेकडी विसरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदाच जाल, आणि तेव्हा चालायला लागणार नाही."

मला ते बोलणं फार लागलं. पेर्सा मात्र हसली. "ही बाई मला आवडली," जिन्यात म्हणाली. "आपल्यासारखी तोंडाची फाटकी आहे."

आणि तिने खरंच सोडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण या वेळी पीळच उपयोगाला आला. इतकी हट्टी बाई, तिने हट्ट उलटा फिरवला. घरातली सगळी रक्षापात्रं मला दिली, मी त्यात कांद्याची रोपं लावली. सकाळची कॉफी बसून प्यायली की हात आपोआप पाकिटाकडे जातो म्हणून उभ्याने प्यायला लागली, खिडकीशी, घोड्यासारखी. सूर्यफुलाच्या बिया इतक्या खाल्ल्या की तिच्या अंगणात चिमण्यांनी मुक्काम टाकला. पहिले काही आठवडे तिच्याशी बोलणं म्हणजे साळिंदराला मिठी मारणं. माझ्या सुनेला म्हणाली, "तुझं सूप धुण्याच्या पाण्यासारखं आहे." सून रडली. दुसऱ्या दिवशी पेर्सा केक घेऊन माफी मागायला आली, आणि केक करपलेला होता.

पण वसंत आला आणि तिला वास यायला लागले. खरे वास! एके सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मिलुंके, तुझ्या आलुबुखाराला फुलं आली आहेत."

"दरवर्षी येतात," मी म्हटलं.

"येत असतील. मला आज कळलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ती घरभर फिरून नाक लावत बसली. कपाटावर वासासाठी ठेवलेली सफरचंदासारखी बिहीची फळं, धुतलेली चादर, माझा नातू, सगळं हुंगलं. "देवा, तुझे उपकार," प्रत्येक वासाला म्हणायची. मलाही वाटलं, देवा, तुझे उपकार. मला माझी कुमा परत मिळाली होती.

चालायचं म्हणून ती टेकडीवर जायला लागली. वाटेत बाकं आहेत, प्रत्येकावर बसायची, ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायची, तसं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. दर शनिवारी वितोमिरकडे. मग बुधवारीही. मग त्याच्या वाढदिवसाला, त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, पाऊस पडला की तो एकटा असेल म्हणून, ऊन पडलं की दिवस चांगला आहे म्हणून. गाव हात जोडायला लागलं. "निष्ठा असावी तर पेर्सिदासारखी," चर्चच्या पायरीवर बायका म्हणायच्या. धर्मगुरूंनी एकदा प्रवचनात नाव न घेता तिचा दाखला दिला. ती मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, विनय.

मला काही ती मान रुचली नाही. मी तिला लहानपणापासून ओळखते, विनय तिच्या वाटेला कधी गेला नाही.

त्यात शरद ऋतू लागताना तपासणी झाली. नळीत फुंकायचं असतं, ते फुंकलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "वसंतात बरं होतं. आता पुन्हा खाली आलंय. ओढताय का?"

"माझ्या नावाची एकही नाही," पेर्सा म्हणाली. "शपथ घेते."

माझ्या नावाची. मी तिकीटखिडकीमागे बसले नसले तरी हिशोब कुठे चुकवला जातोय ते मला कळतं. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, "मीही येते वितोमिरकडे." तिने नको नको ते बहाणे केले. माझे गुडघे काढले, माझी सून काढली, आभाळात ढग नसताना ढग काढले. मी गेलेच.

वर पोचलो. तिने मेणबत्ती लावली, थडग्यावर थोडी राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, शिंपडली, छातीवर क्रूस केला. मग माझ्याकडे पाठ करून पिशवीतून सिगारेट काढली. आता, थडग्यावर सिगारेट ठेवणं काही नवीन नाही. ओढणारा गेला की त्याच्यासाठी पेटवून दगडाच्या फटीत खोचायची, ही आमच्याकडची रीतच आहे. कॉफी पिणाऱ्याला कॉफी, ओढणाऱ्याला सिगारेट. तिथे कुठे काय आक्षेप! पण सिगारेट पेटवायची तर तोंडात धरून ओढावी लागते. पेर्साने ओढली. खोल, डोळे मिटून. मग फटीत खोचली. वाऱ्याने ती मंद झाली, तशी पुन्हा काढली, पुन्हा ओढली, पुन्हा खोचली. "विझते गं," ती दगडाला सांगत होती, "थांब, तुझ्यासाठी धरून ठेवते." अशी धरून ठेवता ठेवता सिगारेट संपली. मग तिने दुसरी काढली.

"पेर्सा!" मी ओरडले.

"काय? त्याची आहे."

"त्याची? धूर कोणाच्या छातीत गेला?"

"त्याला ओढता येत नाही ना! मी नुसती पेटवून देते."

"मेल्या नवऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतेस? लाज आहे का? गाव तुला संत म्हणतंय!"

"मी म्हटलं होतं का म्हणा म्हणून?" ती म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. इतकी की ती थडग्याच्या काठावर बसली आणि मी तिची पाठ धरून उभी राहिले. उबळ गेल्यावर ती हळू आवाजात बोलली. "मिलुंके, त्याने जन्मभर माझी पेटवून दिली. एक दिवस चुकला नाही. ताप असताना दिली, भांडण झालं असताना दिली. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही, पण पेटवून हात पुढे करायचा. आणि गेला तो अर्धी सोडून. आता माझी पाळी आहे. त्याला बिनधुराचा ठेवू?"

 मग तीच म्हणाली, "आणि मलाही हवी असते. तेही आहे. खोटं कशाला बोलू."

हे तिने कबूल केलं म्हणून माझा राग निम्मा झाला. निम्मा मी ठेवला, पुढे उपयोगी पडतो.

मग आम्ही उपाय शोधायला लागलो. मी म्हटलं, मी पेटवते. ती म्हणाली, "तू? धुरावरून तू त्याला आयुष्यभर बोललीस, तुझ्या हातची तो घेईल? घरच्या माणसानेच द्यायची असते." मी म्हटलं, न पेटवताच ठेव आणि शेजारी लायटर ठेव, त्याला हवी तेव्हा तो पेटवील. हे तिला पटलं. पुढच्या वेळी आलो तर सिगारेट नाही, लायटर नाही. पेर्साचा चेहरा उजळला. "पोचली गं त्याला!" तेवढ्यात थडगी खणणारा स्तोयादिन कुंपणापलीकडून धूर सोडत आला आणि टोपी काढून म्हणाला, "पेर्सावहिनी, देव तुमचं भलं करो. या वाऱ्यात माझी काडी टिकत नव्हती." पेर्साने त्याला फावडं घेऊन पळवलं असतं, पण श्वास नव्हता.

"मग मेणबत्तीवर पेटव!" मी शेवटी वैतागून म्हटलं. "हाताशी जळती मेणबत्ती आहे. सिगारेट ज्योतीवर धर, पेटली की खोच. तोंडात घालायचं कामच नाही."

पेर्सा माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिच्या घराला आग लावायला सांगितली. "तुला वेड लागलंय? रादोश पाण्यावर आहे!"

आणि मी जीभ चावली. कारण हेही आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर शिकवतात: मेणबत्तीवर सिगारेट पेटवली की कुठेतरी एक खलाशी मरतो. का, ते कोणाला माहीत नाही. आमच्या गावातून समुद्र किती लांब, बैलगाडीने निघालं तर बैल म्हातारे होतील. पण दारूच्या गुत्त्यात वीज गेली आणि काडी संपली, तरी मेणबत्तीवर सिगारेट पेटवणारा माणूस मी पाहिलेला नाही. न पाहिलेल्या खलाशांची आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काळजी घेत आलो. आणि पेर्साचा तर एकुलता एक मुलगा खलाशी.

"हे सगळं खोटं आहे," मी म्हटलं, पण माझाच आवाज डळमळला.

"मग तू कर," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या नावाने कर तू."

मी केलं नाही. आम्ही दोघी खाली उतरलो. प्रत्येक बाकावर थांबत, आणि वसंतात ज्या बाकांवर ती थांबत नव्हती त्यांच्यावरही. हिवाळा तोंडावर आला होता. घरी येऊन मी ठरवलं, आता कुमाची गुपितं राखायचं पुण्य पुरे झालं. मी जहाजावर फोन लावला आणि रादोशला सगळं सांगितलं. चुगली म्हणा, काहीही म्हणा.  त्याच्या पाठीमागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"मावशी," तो म्हणाला, "आईला काही बोलू नकोस. नोव्हेंबरात माझी सुट्टी आहे. पितरांच्या शनिवारी मी तिथे असेन."

आला. दाढी वाढलेली, खांदे रुंद झालेले, आणि दारातून आत येताना बापासारखीच मान तिरकी करायचा. पेर्साने त्याला इतकं खायला घातलं की त्याने पट्ट्याला नवं भोक पाडलं. शुक्रवारी तो तिला घेऊन तपासणीला गेला. डॉक्टरीणबाईंशी आत एकटाच बोलला. शनिवारी सकाळी आम्ही तिघं टेकडी चढलो. वर सगळं गाव लोटलं होतं. प्रत्येक थडग्यावर पिवळ्या मेणबत्त्या, बायकांच्या हातात अक्रोड घातलेल्या गोड गव्हाचे वाडगे, चमचाभर घ्यायचा आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. पेर्सा सगळ्यात शेवटी पोचली, मुलाच्या दंडाला धरून. छाती भात्यासारखी चालली होती. बोलता येत नव्हतं, तरी गहू वाटला, राकिया शिंपडली. मग पिशवीत हात घातला आणि सिगारेट ओठांकडे नेली.

"आई, दे इकडे," रादोश म्हणाला. आणि तिच्या हातातून सिगारेट घेऊन तो खाली वाकला आणि त्याने ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली.

पेर्सा किंचाळली. बसस्थानकावरचा तिचा सगळा जुना आवाज परत आला, सगळं स्मशान वळून बघायला लागलं. तिने त्याच्या मनगटावर झडप घातली, हातातल्या पिशवीने त्याच्या पाठीत मारलं. "फेक ती! रादोश! फेक!" शेजारच्या थडग्यावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून क्रूस केला. गव्हाचे चमचे हवेत राहिले.

रादोशने हात हलवला नाही. कागद काळा पडला, टोक लाल झालं. त्याने सिगारेट बापाच्या दगडात खोचली, मग आईचे दोन्ही हात धरले. "बघ, आई. खलाशी मीच. उभा आहे तुझ्यासमोर."

"आज जमिनीवर आहेस! उद्या पाण्यावर जाशील!" ती म्हणाली.

"मेणबत्तीवर पेटवली की खलाशी मरतो, हे मला तू शिकवलंस," तो म्हणाला.  "आणि तू तोंडाने पेटवलीस की खलाशाची आई मरते, हे मला काल डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पहिलं मी कधी होताना पाहिलं नाही. दुसरं तुझ्या छातीत ऐकतोय, या टेकडीवर चढताना सगळ्या वाटेने ऐकलं. बाबा गेले तेव्हा मी पाण्यावर होतो. मला माहीत आहे, तुला माझ्यासाठी भीती वाटते. पण मी तिथे इंजिनाशी रात्रपाळी करताना कोणाच्या भीतीने जागा असतो, तुला माहीत आहे?"

  वितोमिरची सिगारेट दगडात आपापली जळत होती, वारा पडला होता, आणि धूर सरळ वर जात होता. पेर्सा त्या धुराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला दोन लागतात."

तिने दुसरी काढली. डाव्या हाताने मुलाची बाही घट्ट मुठीत धरली, इतकी घट्ट की शिवण उसवली, आणि उजव्या हाताने सिगारेट ज्योतीवर धरली. डोळे मिटून, तोंडाने प्रार्थना पुटपुटत. पेटली. तिने एक डोळा उघडून रादोशकडे बघितलं. तो उभाच होता. मग ती रडायला लागली, आणि मीही, आणि माझ्या हातातला गव्हाचा वाडगा कोणीतरी घेतला म्हणून बरं झालं. कुंपणाशी स्तोयादिन फावड्यावर रेलून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "या दोन मी नाही घेणार हं." तेव्हा कुठे ती हसली.

रादोश परत गेला. त्यानंतर पेर्साच्या तोंडाला सिगारेट लागली नाही. बुधवारच्या फेऱ्या आपोआप बंद झाल्या आणि गावातल्या बायका हळहळल्या की निष्ठा कमी झाली. होऊ दे. तिचा हिवाळा खोकत गेला, पण टेबलाच्या कडा धरून नाही. पंप वेळेवर, चालणं वेळेवर, बाहेर बर्फ असलं तर घरातल्या घरात. माझ्या मनात मात्र एक धाकधूक होती. फेब्रुवारीत पितरांचा पुढचा शनिवार येणार होता, आणि या वेळी पोरगा समोर नव्हता, खऱ्या समुद्रात होता. बाही धरायला कोणी नव्हतं. तिचा धीर सुटला तर ती सिगारेट पुन्हा ओठांतच जाणार, आणि मग आमची सगळी टेकडी उतरणीला लागणार.

आम्ही वर गेलो. थंडी होती पण ऊन होतं. ती दोन बाकं न बसता ओलांडून गेली आणि माझ्याकडे वळून बघितलं, मी बघितलं की नाही ते बघायला. मेणबत्ती लावली. सिगारेट काढली. हातात धरून उभी राहिली, बराच वेळ. मी काही बोलले नाही, आणि हे माझ्यासारखीला किती कठीण आहे ते मला ओळखणाऱ्यांनीच समजून घ्यावं.

मग तिने कोटाच्या खिशातून फोन काढून स्पीकरवर लावला.

"रादोश? कुठे आहेस?"

"इंजिनखोलीत, आई. काय झालं?"

"काही झालं नाही. समुद्र कसा आहे?"

"शांत आहे."

"ठीक. आता काहीतरी घट्ट धर."

"काय?"

"धर म्हटलं ना! रेलिंग, खांब, जे असेल ते. दोन्ही हातांनी."

"दोन्ही हातांनी धरलं तर फोन कशाने धरू?"

"एका हाताने धर मग. धरलंस?"

थोडा वेळ नुसती घरघर. मग त्याचा आवाज आला, आणि तो हसत नव्हता. "धरलं, आई."

तिने सिगारेट मेणबत्तीवर धरली. टोक लाल झालं. तिने ती वितोमिरच्या दगडात खोचली, तिला तोंड लावलं नाही, दुसरीही तशीच पेटवली आणि खोचली. "झालं," ती फोनमध्ये म्हणाली. "आहेस का?"

"आहे."

"मीही आहे," पेर्सा म्हणाली. "आता सोड, आणि कामाला लाग."

उतरताना ती सगळी वाट बोलत होती, माझ्या सुनेच्या सुपावरून, धर्मगुरूंच्या नव्या गाडीवरून. चालता चालता बोलत होती, आणि तिला श्वास पुरत होता.